मनाच्या दुखण्याला कोणती पायरी?

हिंदमाताच्या चौकात उभे राहून कोणी लहान मुलांचे इस्पितळ विचारले, तर कापडाच्या दुकानातील नोकर हातातली साडी तशीच ठेवून वाडियाची वाट दाखवतो. कॅन्सरचा रुग्ण घेऊन आलेल्या परगावच्या माणसाला टाटा रुग्णालयाकडे कसे वळावे हे सांगण्यास टॅक्सीवाल्याला क्षणाचाही विचार करावा लागत नाही. पावसाळ्यात चौक तुंबला तरी गुडघाभर पाण्यातून के. ई. एम.ची वाट या भागातील माणसाला सापडते. परंतु ‘दोन महिने झोप नाही, कामात चित्त लागत नाही, जगण्यात राम वाटत नाही, कोणाकडे जाऊ?’ असे त्याच चौकात विचारले, तर उत्तरादाखल काय मिळेल? कोणी गंडादोरा सुचवील, कोणी चार दिवस गावी जाऊन ये म्हणेल, तर कोणी ‘मग ठाण्यालाच न्यायला हवे’ हा मुंबईकरांच्या तोंडी बसलेला विनोद करील. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. तेव्हापासून सव्वाशे वर्षांचा काळ लोटला, पण मनाच्या आजाराची वाट ठाण्यालाच जाते ही समजूत काही ओसरलेली नाही.

या समजुतीतील विसंगती परळइतकी ठळक दुसरीकडे क्वचितच दिसेल. १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते गिरणगावाच्या मध्यभागी, आणि तेथे काम करणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत या देणगीदारांच्या अटीवर. त्याच रुग्णालयात १९४७ साली डॉ. एन. एस. वाहिया यांनी मनोविकारांचा विभाग उभा केला. तत्पूर्वी १९३८ साली जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी असा प्रयत्न केला होता. या घटनांचे महत्त्व आज सहज ध्यानात येणार नाही. त्या काळी मनोरुग्णांच्या बाबतीत १९१२ चा कायदा लागू होता. मनोरुग्णालयात दाखल करणे ही दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाची बाब होती, आणि आत गेलेला माणूस बाहेर येईल की नाही याची खात्री घरच्यांनाही नसे. सर्वसाधारण रुग्णालयात, खोकल्याच्या आणि पोटदुखीच्या रुग्णांच्या शेजारच्या रांगेत उभे राहून, त्याच प्रकारच्या केसपेपरवर मनाचे दुखणे दाखवता येणे ही त्या मानाने एक मूक क्रांतीच होती. इतकेच नव्हे, तर १९६० नंतरच्या दशकात डॉ. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विभागात पातंजल योगातील संकल्पनांच्या आधारे उपचारपद्धती बसवून तिचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले. योगाचा गाजावाजा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, आणि ती परळमध्ये घडली हे परळकरांनाही फारसे ठाऊक नाही.

म्हणजे सेवा नव्हती असे नाही. ती हाकेच्या अंतरावर होती व आहे. तरीही ती आपल्यासाठी आहे असे येथील सामान्य माणसाला वाटले नाही. हे का घडले याचा विचार करावयाचा तर १९८२ या वर्षाकडे वळावे लागते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही विरत गेल्या. योगायोगाचा भाग असा की त्याच वर्षी, ऑगस्ट महिन्यात, देशाने आपला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. मनाच्या आजारांवरील उपचार मोठ्या इस्पितळांतून खाली उतरवून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यावयाचे, असे त्याचे सूत्र होते. उद्दिष्ट उत्तम होते. तथापि त्याला प्रत्यक्ष रूप देणारा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली आला, आणि त्याची रचना जिल्हा, तालुका व ग्रामीण आरोग्य केंद्र या उतरंडीवर बेतलेली होती. महानगरातील चाळ या उतरंडीत कोठे बसते, याचे उत्तर त्या आराखड्यात सहज सापडत नव्हते. दिल्लीत कागदावर योजना तयार होत होती त्याच महिन्यांत लालबाग-परळच्या खोल्यांत कर्ते पुरुष दिवसभर घरी बसून होते, खानावळी चालवणाऱ्या बायकांची उधारी थकली होती, मुलांच्या शाळा सुटत होत्या, दारूचे गुत्ते मात्र ओस पडलेले नव्हते. त्या काळात किती घरे आतून मोडली याची मोजदाद कोणी केली नाही. बंद पडलेल्या चात्या मोजल्या गेल्या, वाया गेलेले श्रमदिन मोजले गेले, पुढे जमिनीचे चौरस फूटही मोजले गेले. माणसाच्या मनावर काय गुदरले हे मोजण्याचे कोष्टकच आपल्याजवळ नव्हते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो कामगार चळवळीत वाढलेल्या मंडळींकडून अधिक जोराने घेतला जातो. ज्याची नोकरी गेली त्याला नोकरी हवी, समुपदेशन काय करावयाचे? भाकरीच्या प्रश्नाला मनाचा प्रश्न म्हणणे ही मालकांच्या सोयीची भाषा आहे, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्यांश आहे हे मान्यच केले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे देशात त्या वर्षी १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केल्या, त्यांतील २६.४ टक्के रोजंदारीवर जगणारे होते. महाराष्ट्राचा आकडा २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हे आकडे पाहून त्यांचा मजुरीशी, कर्जाशी, घराशी संबंध नाही असे कोण म्हणेल? परंतु आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. क्षयाचे कारणही कोंदट खोली आणि निकृष्ट अन्न हेच असते. म्हणून क्षयरोग्याला ‘आधी घर मोठे होऊ दे, मग औषध घे’ असे कोणी सांगत नाही. खोलीसाठी मोर्चा काढावयाचा आणि औषधही सुरू करावयाचे, हे दोन्ही एकाच दिवशी करता येते. मनाच्या बाबतीत मात्र आपण एकाला दुसऱ्याचा शत्रू ठरवून बसलो, आणि त्यात उपचार मागे पडले.

गिरण्या गेल्या, पण त्यांच्या जागी जे आले त्यानेही मनाला स्वस्थता दिली आहे असे दिसत नाही. हिंदमाताच्या साड्यांच्या बाजारात दिवसभर उभ्याने गिऱ्हाईक करणारा विक्रेता, त्याच्या मालकाच्या डोक्यावर घरबसल्या मागणी नोंदवणाऱ्या नव्या व्यापाराची टांगती तलवार, नायगावच्या बी. डी. डी. चाळीतील एका खोलीत अभ्यासाला कोपरा शोधणारी मुलगी, टाटा रुग्णालयात रुग्ण ठेवून गाडगेमहाराजांच्या धर्मशाळेत दिवस काढणारा विदर्भातील किंवा बिहारमधील नातेवाईक: या सर्वांचे ओझे वेगवेगळे आहे, आणि त्यांतील बहुतेकांना ते बोलून दाखवण्यास जागा नाही. चाळींच्या पुनर्विकासाचा विषयही यातच येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशेसाठ चौरस फुटांतून पाचशे चौरस फुटांत जाणे हा आनंदाचाच प्रसंग होय. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एक महिना चाळीत राहून दाखवावे. पण सामाईक गॅलरीत शेजारणीला ‘आज तोंड का उतरले आहे?’ असे विचारण्याची जी रीत होती ती उद्‌वाहनात टिकेल असे नाही. चाळ ही समुपदेशनाची संस्था नव्हती, तिच्यात भांडणे होती, चहाड्या होत्या, एकांत तर नव्हताच. तरी माणूस तीन दिवस दिसला नाही तर दार ठोठावले जात असे. ते काम आता कोणीतरी जाणीवपूर्वक उचलावे लागेल.

मग आज या भागातील माणसाने जावे तरी कोठे? याचे उत्तर वाटते तितके निराशाजनक नाही. हिंदमाताहून पायी पंधरा मिनिटांच्या आत के. ई. एम.चा मनोविकार विभाग आहे. पालिकेच्या रुग्णालयातील केसपेपरची रक्कम किरकोळ असते आणि तेथे तपासणारे डॉक्टर खाजगी दवाखान्यातील डॉक्टरांना शिकवणारे असतात. माणूस स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागला असेल, तर बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची वाट न पाहता त्याला सरळ अपघात विभागात न्यावे. तो रात्रीही उघडा असतो, आणि तोवर त्या माणसाला एकटे सोडू नये. पायी जाणेही ज्यांना जड वाटते त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की दिवसा वा रात्री, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ सालापासून ‘आयकॉल’ या नावाने दूरध्वनीवरून समुपदेशन चालवले आहे. या संस्थेचे नाते तर गिरणगावाशेजारच्या नागपाड्याशी आहे. १९३६ साली ती तेथे सुरू झाली आणि लगेच १९३७ साली तिने मुलांच्या मनोविकासासाठी मार्गदर्शन केंद्र काढले, जे देशातील त्या प्रकारचे पहिले मानले जाते.

दादर पूर्वेत ज्या ‘समॅरिटन्स मुंबई’ या संस्थेने आपले केंद्र थाटले तिचा उल्लेख येथे वेगळा केला पाहिजे. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हरा या धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसांसाठी एक दूरध्वनी ठेवला आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. तेथे बसणारे स्वयंसेवक उपदेश करीत नाहीत, तोडगा सांगत नाहीत, नावगाव विचारीत नाहीत, ते ऐकतात. आपल्याकडे सल्ला देणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. मधे न बोलता वीस मिनिटे ऐकणारा माणूस मात्र एखाद्याला आयुष्यात भेटतही नाही. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली, हाही परळचाच विस्तार म्हणावयास हवा, कारण डॉ. नाडकर्णी के. ई. एम.मध्येच शिकले. व्यसनाच्या प्रश्नावर पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले, ते तर महाराष्ट्राला परिचित आहेच. मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’च्या सभा मुंबईत १९५७ पासून भरतात, त्यांना वर्गणी लागत नाही आणि आडनावही लागत नाही.

अडचण येते ती पाट्या वाचताना. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, आणि त्याचा फायदा घेणारे काही कमी नाहीत. मनोविकारतज्ज्ञ हा आधी वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो, त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते आणि या तिघांपैकी औषध लिहून देण्याचा अधिकार त्यालाच आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. तो चाचण्या करतो आणि संवादाच्या शास्त्रशुद्ध पद्धतींनी उपचार करतो. राहिला समुपदेशक. यांत दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम केलेली गुणी माणसे आहेत, तशीच चार रविवारच्या वर्गानंतर भिंतीवर प्रमाणपत्र लावणारीही आहेत. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांविषयी केलेल्या कायद्यात या मंडळींना नोंदणीच्या चौकटीत आणण्याची तरतूद झाली, परंतु केवळ तरतूद झाल्याने पाटीवरचा मजकूर सुधारत नाही. तोवर ‘आपले शिक्षण कोठे झाले? नोंदणी क्रमांक काय? किती बैठका लागतील व प्रत्येकीचे किती?’ हे पहिल्याच भेटीत विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही. जो या प्रश्नांनी दुखावतो, पहिल्याच दिवशी वर्षभराचे पैसे मागतो, किंवा दुसऱ्याने दिलेल्या गोळ्या बंद करा असे फर्मावतो, त्याच्या जिन्यावरून निमूटपणे खाली उतरावे. उदासीनतेवरील गोळ्यांचा गुण दिसण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडणारे रुग्ण आणि ‘त्या गोळ्यांची सवय लागते’ म्हणून ते सोडायला लावणारे नातेवाईक, या दोघांमुळे कितीतरी उपचार अर्ध्यावर संपतात.

कायद्याची बाजू आज पूर्वीच्या मानाने पुष्कळ भक्कम आहे, आणि नोकरदार वर्गाने ती माहीत करून घेणे हिताचे आहे. २०१७ साली संमत झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. परवडणारी, चांगल्या दर्जाची आणि राहत्या जागेपासून जवळ असलेली मानसिक आरोग्यसेवा सरकारी व्यवस्थेतून मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरावे असे हा कायदा सांगतो. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता लागू झाली तीत जुन्या दंडविधानातील कलम ३०९ उरलेच नाही. आत्महत्येच्या साध्या प्रयत्नाबद्दल पोलीस खटला भरतील या धास्तीने घटना लपवण्याचे कारण आता राहिलेले नाही. वैद्यकीय विम्यात शरीराच्या व मनाच्या आजारांत भेद करू नये, असेही याच कायद्याचे म्हणणे आहे. कारकुनांच्या दृष्टीने आणखी एक कायदा महत्त्वाचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि नोकरीच्या काळात दिव्यांगता आली म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये वा त्याचा दर्जा खाली आणू नये असे तो बजावतो. कामगार विम्याच्या दीर्घ मुदतीच्या आजारांच्या यादीतही तीव्र मनोविकृतीचा अंतर्भाव आहे. ज्यांच्या पगारातून दरमहा विम्याची रक्कम कापली जाते त्यांतील कितीजणांना हे कोणी सांगितले असेल?

हक्क आणि व्यवहार यांतील अंतर कोठे आहे हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी भरतो. दुकानातील विक्रेत्याचा सकाळचा खाडा म्हणजे पगारात कपात; शिक्षकाला तास बदलून घ्यावे लागतात, आणि कशासाठी हे मुख्याध्यापकांना सांगावे लागते; कारकुनाची किरकोळ रजा वर्षाला ठरलेली. शरीराच्या आजारात एकदोन खेपांत भागते. मनाच्या उपचाराला महिनोन्‌महिने, कधी दर आठवड्याला, खेपा घालाव्या लागतात. शिवाय शिकाऊ डॉक्टर बदलत राहतात, आणि प्रत्येक नव्या चेहऱ्यापुढे आपली कर्मकथा पहिल्यापासून सांगण्याची पाळी येते. डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. समोर रांग असताना प्रत्येकाला पाऊण तास देणे त्यांना अशक्य आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने २०१५-१६ साली असे दाखवले की प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक आजाराने ग्रस्त आहेत आणि आजाराच्या प्रकारानुसार त्यांतील ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत उपचार पोहोचलेले नाहीत. ही पाहणी बारा राज्यांत झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. आत्महत्यांत पहिला क्रमांक असलेल्या राज्याला या पाहणीत स्थान नसावे, याला केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

शिक्षक वाचकांना एका निकालाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत आहे. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील, हे ध्यानात घेता सूचना उशिराच आल्या म्हणावे लागेल. परंतु यातून एक धोका संभवतो. संस्थाचालक नवे पद भरण्याऐवजी मराठीच्या अथवा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवून त्याच्याच गळ्यात समुपदेशकाची माळ घालतील. जनगणना, मतदारयादी, पोषण आहार यांनी वाकलेल्या शिक्षकावर हे ओझे टाकणे त्याच्यावर आणि विद्यार्थ्यावरही अन्याय करणारे ठरेल. एकतर त्याला ते शास्त्र येत नाही. दुसरे असे की जो गुण देतो आणि पालकांना बोलावतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीलच असे नाही. शिक्षकाने बदल ओळखावा: हसरा मुलगा मागच्या बाकावर गप्प बसू लागला, वह्या कोऱ्या येऊ लागल्या, डबा न खाता परत जाऊ लागला. तो ओळखून योग्य ठिकाणी हात धरून न्यावे. त्याहून अधिक मागण्याचा हक्क कोणालाही नाही.

याचा अर्थ डॉक्टर व पदवीधर मानसशास्त्रज्ञ यांच्यावाचून काहीच होऊ शकत नाही असा मात्र नव्हे. शेजारच्या गोव्याचा अनुभव या बाबतीत उद्‌बोधक आहे. १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ‘संगत’ ही संस्था काढली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना रीतसर शिकवून त्यांनी चोवीस दवाखान्यांत एक मोठा प्रयोग केला; त्यांतील निम्मे सरकारी होते व निम्मे खाजगी. २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत येणाऱ्या उदासीनतेच्या व चिंतेच्या रुग्णांना या स्त्रियांमुळे स्पष्ट फायदा झाला. खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे जेथे गरीब माणूस जातो आणि जेथे डॉक्टरला बोलायला सवड नसते, तेथेच अशा मदतीची किंमत अधिक. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील गावांत आणि नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात याच धर्तीचे प्रयोग झाले आहेत. परळ-लालबागला गावाइतकी एकसंध वस्ती नसेल, पण पालिकेचे दवाखाने आहेत, आरोग्य स्वयंसेविका आहेत, आणि नोव्हेंबर २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ही आहे. अशा एकेका दवाखान्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी, सात ते नऊ, एक प्रशिक्षित समुपदेशक बसवावा आणि कठीण रुग्ण चिठ्ठी देऊन के. ई. एम.ला पाठवावेत, तेथे त्या चिठ्ठीला वेगळी रांग असावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदा तर नाहीच. जमिनीखाली प्रचंड टाक्या बांधून हिंदमाताचे पावसाचे पाणी साठवण्याची योजना ज्या महापालिकेला आखता आली, तिला हे अवघड जाऊ नये.

आणि सर्व भार पालिकेवरच टाकावा असेही नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली तेव्हा गिरणगावाला वाचनालय आणि रात्रशाळा दिली ती सरकारने नव्हे, या संस्थेने. आज येथील गणेशोत्सव मंडळे रक्तदान करतात, चष्मे वाटतात, वह्या वाटतात. लालबागच्या राजाच्या मंडळाने तर डायलिसिस केंद्रही चालवले आहे. ज्यांच्याकडे माणसे येतात, ज्यांच्यावर वस्तीचा विश्वास आहे, अशी ही ठिकाणे आहेत. मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी दोन तास समुपदेशकाला जागा देणे त्यांना जड नाही. कार्यकर्त्यांपैकी दोघाचौघांनी ऐकण्याचे प्रशिक्षण घ्यावे, १४४१६ हा क्रमांक मंडपातील फलकावर ठळक अक्षरांत रंगवावा. केवळ ‘मनोरुग्ण तपासणी शिबिर’ अशी पाटी लावू नये, नाहीतर त्या दिवशी मंडळाच्या दाराशी चिटपाखरूही फिरकणार नाही. ‘झोप, चिंता, व्यसन, परीक्षा’ एवढे चार शब्द पुरे आहेत. आणि जी खोली मिळेल तिला दार असावे व ते आतून लावता यावे, एवढी अट समुपदेशकाने पहिल्याच दिवशी घालून घ्यावी. कॅरमच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून हे काम होणार नाही.